भुकूमच्या आंब्यांवरचं दगडफूल

स्वतः जाऊन नेलपॉलिश विकत घेणारा मुळशी तालुक्यातला एकमेव प्राध्यापक कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून शहनवाज अत्तार सरांचं नाव सांगेन. लाल, भडक, वरातीत शोभेल असलं नेलपॉलिश. पौडच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात उभे राहून ते बाटली उजेडात धरायचे, हलवायचे, बोटावर एक थेंब वाळवून नखानं खरवडून बघायचे. दुकानातली मावशी दर खेपेला विचारायची, "भाभींना ह्योच रंग आवडतोय वाटतं?"

"भाभींना नाही. आंब्याला," सर म्हणायचे.

मावशी हसायची. तिला तो विनोद वाटायचा. सर विनोद करत नव्हते.

ते आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, आता त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तासाला बोलावलेला आणि तासाला सोडलेला मास्तर. सरांचा विषय दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतात ते, करडं, चुरगळलेल्या कागदासारखं. ते फूल नव्हे, आणि आमच्याकडे दगडावर कमी, झाडाच्या सालीवरच जास्त दिसतं. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला संसार, असं सर वर्गात सांगायचे. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "नांदतात का सर दोघं?"

"हवा चांगली असेल तोवर नांदतात," सर शांतपणे म्हणायचे आणि पुढं शिकवायला लागायचे.

सरांचं सगळं संशोधन या एका उत्तरात होतं. हवा बिघडली की सगळ्यात आधी दगडफूल मरतं, माणसाला खोकला यायच्या कितीतरी आधी. सरांनी तरुणपणी सूस, नांदे आणि भुकूम इथली काही झाडं निवडली. दिवाळी झाली की ते दर वर्षी त्या झाडांपाशी जात, दगडफुलावर पारदर्शक प्लॅस्टिक धरत आणि त्याची कड पेनानं गिरवून घेत. पुढच्या वर्षी त्याच दगडफुलाची नवी कड. ते हेच, हे ओळखायला शेजारी सालीवर नेलपॉलिशचा ठिपका. ऑइलपेंट लावून पाहिला होता, तो पावसाळ्यात सोलून निघायचा. नेलपॉलिश टिकलं.

दगडफूल वर्षाला वाढतं नखाच्या कडेएवढं. त्यामुळे एका वर्षाच्या प्लॅस्टिकला काही अर्थ नसतो. बऱ्याच वर्षांची प्लॅस्टिकं एकावर एक ठेवून खिडकीकडं धरली, की मग दिसतं. सूसच्या झाडांवरच्या रेषा आत आत येत गेल्या आणि मी विद्यार्थी असतानाच संपल्या. मग नांदे. तिथं आधी दगडफूल गेलं, मग भातखाचरं गेली, मग झाडं गेली, आणि आता तिथं एका इमारतीचं नाव 'आम्रकुंज' आहे. राहिले भुकूमचे आंबे. त्या झाडांवर दगडफूल पुण्याच्या बाजूनं मागं हटत होतं आणि पौडच्या बाजूनं अजून वाढत होतं. शहर कुठवर आलंय हे सर झाडाला विचारून सांगू शकत होते. दुसऱ्या झाडाला विचारून चाललं नसतं, कारण आधीचं काय होतं ते त्या दुसऱ्या झाडानं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सरांचे वडील इलाहीचाचा यांचं पौडला मसाल्याचं दुकान आहे. पिढ्यान् पिढ्या अत्तारांचं. दुकानात दगडफुलाचं पोतं उघडंच असतं. चाचांना पोराच्या पीएच.डी.चा अभिमान होता, पण तो त्यांनी कधी तोंडावर येऊ दिला नाही.

"आमी दगडफूल पोत्यानं इकतो," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "अन् आमचा डाक्टर ठिपक्यानं मोजतो. काय रं, वाढलं का तुझं पीक औंदा?"

"वाढलं अब्बा. नखाएवढं."

"मग कापनी कवा?"

"माझ्या रिटायरमेंटला."

हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की पाडव्याला आणि ईदला तो झाला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

सरांचं आयुष्य असंच ठिपके लावत गेलं असतं. पण मधे पॉइंट आले.

वरून परिपत्रक आलं की आता प्राध्यापकाचं संशोधन पॉइंटांवर मोजलं जाईल. यादीतल्या जर्नलात पेपर आला तर इतके, पुस्तकात प्रकरण आलं तर इतके, परिषदेत जाऊन झोप काढली तरी थोडेफार. सरांचा भुकूमवरचा एक लेख एका निसर्गमंडळाच्या वार्षिकात आला होता. तो अजून बाहेरगावचे लोक मागवून घेतात, पण ते वार्षिक यादीत नव्हतं. भोपळा. पुढचा लेख लिहायला अजून काही वर्षांच्या रेषा हव्या होत्या. म्हणजे दर वर्षी नवा भोपळा.

याच काळात आमचे रसायनशास्त्राचे वाल्मीक सर फॉर्मात आले. बीडकडचा माणूस, बोलायला मोकळा, मनानं चांगला. त्यांचा चौघा मित्रांचा गट होता. एकानं पेपर लिहायचा आणि चौघांची नावं घालायची. चौघांनी एकेक लिहिला की प्रत्येकाचे चार. "आमच्याकडं ऊसतोडीला पण अशीच टोळी असते," ते सांगायचे, "फक्त तिथं चौघंबी कोयता चालवतात." दर वर्षी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. घरात नारळ इतके साठले की वहिनींनी स्टाफरूममध्ये बर्फी पाठवली. आम्ही ती खाल्ली. चांगली होती.

सरांना याचा राग येत नव्हता. यायला हवा होता. त्यांना दुसरंच काहीतरी होत होतं, आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं. पूर्वी कुणी नुसतं "सर, तुमचं काम कशावर?" म्हटलं, तर ते त्याला खिडकीशी नेऊन प्लॅस्टिकं दाखवायचे आणि त्याचा डबा खायचा राहायचा. एकदा किमया नावाच्या नव्या मॅडम रुजू झाल्या. त्यांनी उत्साहानं तेच विचारलं. सर म्हणाले, "माझं असं काही नाही हो. झाडांवर ठिपके लावतो." आणि डबा उघडला.

मी म्हटलं, "सर, असं काय सांगता?"

"खोटं काय आहे त्यात? यादी बघ की."

त्या वर्षी हिवाळ्यात गेणबांनी सरांना भुकूमला बोलावून घेतलं. गेणबा म्हणजे त्या आंब्यांचे मालक. सर पहिल्यांदा ठिपके लावताना दिसले, तेव्हा करणी करायला आलेला समजून या गृहस्थानं त्यांच्यावर काठी उगारली होती. पुढं स्वतःच त्या ठिपक्यांची राखण करायला लागले. शेजारपाजाऱ्यांना "आमच्या झाडाचं कालेजात नाव हाय" म्हणून सांगायचे.

"मास्तर, पोरांनी सह्या केल्या," गेणबा म्हणाले. "हितं सोसायटी हुनार. माजं आता घरात कोन ऐकतंय. पन मी त्या सायबाला म्हनलं, ह्या झाडांवर कालेजचं काम चाललंय, ती तोडायची न्हाईत."

"मग?"

"सायेब लई ग्वाड बोलला. म्हनला, कालेजचं लेटर आना, झाडं बागेत ठिवतो. न्हाई आनलं तर तितं गाड्या लावायची जागा हाय नकाशात."

म्हणजे एका पत्राचा प्रश्न होता. सर त्या दिवशी परत येताना माझ्या गाडीवर मागं बसून शीळ घालत होते.

आमच्या प्राचार्या आशालता मॅडम दुष्ट असत्या तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांनी आधी चहा मागवला.

"सर, मला स्वतःला तुमचं काम फार आवडतं," त्या म्हणाल्या. आमच्या कॉलेजात 'स्वतःला' हा शब्द आला की उत्तर 'नाही' असतं. "पण पत्रात 'महाविद्यालयाचं चालू संशोधन' असं लिहायचं, तर ते आपल्या यादीत दिसायला नको? यंदा मूल्यांकन समिती येतेय. त्यांनी विचारलं, हे कुठलं संशोधन, गेल्या पाच वर्षांत याचं काय छापून आलं, तर मी काय दाखवू?"

"प्लॅस्टिकं आहेत मॅडम."

"सर."

"ते सावकाश वाढतं, मॅडम. माझा इलाज नाही."

"समिती पाच वर्षांनी येते. ते दगडफुलाला माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे ना? यादीतला एक पेपर करा. एकच. त्याच दिवशी पत्र देते."

त्या खोटं बोलत नव्हत्या.

स्टाफरूममध्ये वाल्मीक सरांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली. "एवढंच? सर, तुम्ही सोन्यावर बसून राखण करायलात. ते खरवडा, वाळवा, मिथेनॉलात भिजवा. जिवाणूंच्या ताटलीत त्याचा थेंब सोडा. भोवती जिवाणू मरून गोल पडला की पेपर झाला. आमचे तीन तसेच झालेत. तुळशीवर एक, कडुनिंबावर एक, अन् एक गवती चहावर."

"पण गोल नाही पडला तर?"

"पडतोच. मिथेनॉल पाजल्यावर कोण जगतंय?"

सर हसले नाहीत. "मिथेनॉल वेगळं तपासावं लागतं वाल्मीक. नुसतं. नाहीतर त्यातून कळलं काय?"

"कळायचं काय त्यात? छापून येतं. झाडं वाचवायचीत ना? अन् खरवडायला जीव होत नसेल तर तुमच्या अब्बांच्या दुकानात पोतं आहेच की. कोण बघतंय?"

"ते पहाडातून येतं, उत्तरेकडून. पेपरात भुकूम लिहायचं आणि माल तिकडचा वापरायचा? पत्र भुकूमच्या झाडांसाठी हवंय."

"मग खरवडा भुकूमचं," वाल्मीक सर म्हणाले आणि वर्गावर गेले.

आम्ही एका रविवारी गेलो. सरांनी सगळ्यात टोकाचा आंबा निवडला. मागची बाजू, जिथं एकही ठिपका नव्हता. दगडफूल तुटू नये म्हणून आधी पाणी मारून ते मऊ केलं, आणि भाजी चिरायच्या सुरीनं कडेकडेनं सोडवायला लागले. मी खाली वर्तमानपत्र धरून उभा होतो. इतक्या वर्षांत मी सरांना दगडफुलाला बोट लावताना पाहिलं नव्हतं, मधे नेहमी प्लॅस्टिक असायचं. लागेल तेवढंच काढलं, मूठभर. सालीवर फिकट डाग राहिला.

गेणबा बघत होते. "आत्तापातूर नुसतं बगत व्हता, मास्तर. आज काडलं? म्हंजे तयार झालं म्हना की."

सर काहीतरी पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही. गेणबांनाही आलं नसावं.

सरांनी नुसतं मिथेनॉलही तपासलं, बाकीचंही सगळं नीट केलं. गोल पडला, लहानसा, पण खरा. पेपर यादीतल्या जर्नलात आला. नांदे, सूस आणि भुकूम इथं घालवलेल्या सगळ्या हिवाळ्यांना जे मिळालं नव्हतं, ते एका ताटलीनं मिळवून दिलं. सत्कार झाला. शाल, श्रीफळ. पत्रही त्याच दिवशी मिळालं, मॅडम शब्दाला पक्क्या. बिल्डरच्या साहेबानं ते पत्र माहितीपत्रकात छापलं आणि आंब्यांभोवती बागेची आखणी केली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

कॉलेजनं पेपराची बातमी द्यायची असते, त्यालाही मूल्यांकनात जागा असते. बातमी आली, 'मुळशीच्या दगडफुलात रोगजंतूंशी लढण्याची ताकद'. आत सरांचा फोटो आणि भुकूमचं नाव. पुढं ती फोनाफोनांवरून फिरायला लागली आणि प्रत्येक फोनावर थोडी वाढली. हिला नखाचा नियम नव्हता. आधी खोकला बरा होत होता, मग साखर, मग गुडघे. माझ्या मामीनं मला मालेगावाहून तो मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, 'भुकूमचंच आण, बाजारातलं नको.'

पहाटे फिरायला निघालेली माणसं गाड्या थांबवून आंब्यांपाशी उतरायला लागली. बावधनची, सूसची, भुगावची. गाडीच्या किल्लीनं खरवडायची, रुमालात बांधून न्यायची. सर धावत मॅडमकडं गेले, पाटी लावूया म्हणाले. मॅडमनी लगेच मंजूर केलं. पाटी रंगवायला गेली.

ती येण्याआधीचा रविवार. सर सुट्टीच्या दिवशी दुकानात अब्बांना मदत करतात. मी आईसाठी मसाला घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात दारात वडापची जीप थांबली आणि गेणबा उतरले. त्यांच्या डोक्यावर खताचं पोतं होतं. ते त्यांनी सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि घाम पुसला.

"घ्या मास्तर. समदं आनलं. येक बी न्हाई सोडलं."

"काय आणलंत?"

"तुमचं दगुडफूल! आवो लोकं रोज याया लागली. चाव्यांनी खरवडत्यात, दात खुपसायचं तेवडं ऱ्हायलंय. म्या म्हनलं, मास्तरानं इतकी वर्सं पोरावानी राखलं, अन् आता तयार झाल्यावर खानार ही सोसायटीवाली? मग नातवाला शिडी लावून दिली. पार शेंड्यापातूर काडलं. आता कुनाच्या बापाला गावायचं न्हाई."

त्यांचा चेहरा काय खुलला होता! इलाहीचाचांनी सवयीनं पोत्याचं तोंड सोडलं, हात घालून मूठभर बाहेर काढलं आणि सुपात टाकलं. सालीच्या कपच्यांसकट आलं होतं. कपच्यांवर लाल ठिपके होते. काही फिकट, जुने. काही गेल्या वर्षीचे, अजून चकचकीत.

"ह्ये लाल काय रं?" चाचा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी हात सुपात तसाच ठेवला.

सर ठिपक्यांकडं बघत होते. मी मसाल्याची पिशवी उगाच उघडून बंद केली.

"काय चुकलं का, मास्तर?" गेणबा म्हणाले. चेहरा जरा उतरला होता.

"नाही, नाही. काही नाही," सर म्हणाले. "एवढं लांब ओझं आणलंत. बसा. चहा घ्या." आणि स्वतः उठून समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. तिथं बराच वेळ पाठमोरे उभे होते. चहा तर टपरीवरचा पोरगा केव्हाच दुकानात देऊन गेला होता.

गेणबा गेल्यावर चाचा म्हणाले, "ह्ये मी इकनार न्हाई. माळ्यावर टाकतो."

"का अब्बा? चांगला माल आहे." सरांनी एक तुकडा नाकाशी धरला. "वास बघा. आता ते मसाल्याचंच आहे."

"गप रं," चाचा म्हणाले. एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी पिकाची चौकशी केलेली मी ऐकली नाही.

समिती आली, जेवली, खूश होऊन गेली. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. सरांचा पेपर काचेच्या फलकात लावला होता. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी तो चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "छान. काम पुढं चालू आहे ना?"

"हो सर, चालू आहे," सर म्हणाले.

आणि तसं ते आहेच. वाल्मीक सरांच्या टोळीत आता पाच जण आहेत. दगडफूल भाग दोन, भाग तीन. माल दुकानातल्या पोत्यातला. ठिकाणाच्या रकान्यात सर 'बाजारातून' असं लिहितात, त्याला यादीतल्या कुणाची हरकत नसते. प्लॅस्टिकं कपाटात वरच्या खणात आहेत. कुणी कामाबद्दल विचारलं, की सर हल्ली लगेच सांगतात, आकड्यांसकट, न अडखळता. किमया मॅडम परवा मला म्हणाल्या, "अत्तार सर किती बदलले ना? पूर्वी स्वतःला किती कमी लेखायचे."

गेल्या दिवाळीनंतर आम्ही भुकूमला गेलो. कुणी ठरवलं नव्हतं. कॉलेजातून निघालो, सर मागं बसले, आणि गाडी त्या वळणावर आपोआप वळली. सोसायटीत माणसं राहायला आली होती. गेणबा आता थोरल्याकडं बाणेरला असतात, फाटकावरच्या माणसाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. आंबे मात्र सगळे उभे होते. बुंध्यांना छातीपर्यंत गेरू आणि चुना, भोवती दिव्यांच्या माळा, शेजारी कॉलेजच्या नावाची पाटी, हिरवी, सुबक. वर जिथं रंग नव्हता तिथं साल नागडी, तपकिरी. खरवडल्याचे ओरखडे अजून दिसत होते.

सरांनी खिशातून चष्मा काढला, घातला. एका बुंध्यापाशी गेले आणि पौडच्या बाजूला, जिथं वाढत होतं तिथं, सालीवर तळहात ठेवून उभे राहिले. प्लॅस्टिक आणलेलं नव्हतं.

फाटकावरचा पहारेकरी धावत आला. बिहारकडचा तरणा मुलगा, कामावर नवीन.

"साहब, हाथ मत लगाइए," तो अदबीनं म्हणाला आणि पाटीकडं बोट दाखवलं. "इधर रिसर्च चालू है."

सरांनी हात काढून घेतला. तळव्याला गेरू लागला होता.

"माफ करना," ते म्हणाले, आणि जाताना पाटीवरची धूळ रुमालानं पुसली.